जाळीची खालची बाजू

"जेवलीस का?" या प्रश्नाला माझी मुलगी आज फोनवर "हो" म्हणाली आणि ते खोटं होतं. जेवलेलं माणूस नुसतं "हो" म्हणून थांबत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, भात चिकट झाला, असं काहीतरी शेपूट जोडतंच. ती "हो" म्हणाली आणि माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत गप्प राहिली. मीही दुसरं काही विचारलं नाही. "झोप वेळेवर" म्हणून फोन ठेवला.

तिच्या न जेवण्याची काळजी मला नवी नाही. ती जन्मल्यापासून तीच माझी नोकरी आहे. आजची काळजी वेगळी आहे आणि संध्याकाळपासून मानगुटीवरून उतरत नाही. इतक्या सहजपणे ती कधी खोटं बोलत नसे. लहानपणी "दात घासले" एवढं जरी खोटं सांगायचं झालं, तरी तिचे कान लाल व्हायचे. आता तिला सवय होते आहे की काय? तिचे बाबा केव्हाच झोपले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले आहे. कॉलेजात आमच्या एक बाई सांगायच्या, की गुंता सुटत नसेल तर लिहून काढा, निदान गाठ कुठे आहे ते दिसतं.

घरात आम्ही तिला मुंगी म्हणतो. सतत काहीतरी उचलून घरी आणायची म्हणून. शाळेतून आली की खिशात पीस, बी, गोगलगाईचं कवच, विटेचा तुकडा. तिचे कपडे धुवायला टाकताना मी खिसे चाचपायची, कारण आत काही जिवंत असण्याची शक्यता असे. एकदा तिनं फुटक्या कौलाचा तुकडा आणला. त्यावर हिरवं शेवाळ होतं. मी आपली चांगली आई. कौल घासून, धुऊन, पुसून तिच्या टेबलावर ठेवलं. ती आली, बघितलं आणि भोकाड पसरलं.

"अगं, तुझं कौल आहे ना जागेवर?" मी म्हटलं.

"त्याच्यावरचं कुठंय?"

"ती घाण होती."

"मला दोन्ही हवं होतं," ती हुंदके देत म्हणाली. "दोन्ही मिळून ते होतं."

पुढे तिनं आधी वनस्पतींचा अभ्यास केला आणि मग जुन्या इमारती जपण्याचा, तेव्हा सगळ्यांनी डोक्याला हात लावला. दोन दगडांवर पाय ठेवू नये असं तिचे काका म्हणाले. तिला जी नोकरी मिळाली तिचं कामच दोन दगडांवर पाय ठेवण्याचं होतं.

आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या बसप्रवासावर एक ऐतिहासिक उद्यान आहे. कुणा श्रीमंत घराण्यानं कधीकाळी हौसेनं वसवलेलं. आता सगळ्यांसाठी खुलं आहे. भोवती उंच दगडी भिंत, आत तळं, तळ्याकाठी जलघर नावाची बसकी इमारत, मोडका तबेला आणि भिंतीपेक्षा जुनी झाडं. अशा ठिकाणी सहसा झाडंपाखरं एका खात्याकडे असतात आणि दगडचुना दुसऱ्या. मग दोन्ही खाती एकमेकांना पत्रं लिहीत बसतात. इथे माणसंच कमी, म्हणून दोन्ही कामं एकाच खुर्चीला चिकटवली आणि त्या खुर्चीत मुंगीला बसवलं.

"म्हणजे भिंतीत झाड उगवलं," तिचे बाबा म्हणाले, "तर भिंतीची वकील तू आणि झाडाचीही तूच."

"हो."

"आणि न्यायाधीश?"

"मोठे साहेब."

"ते कुठं असतात?"

"शहरात. पाहुण्यांच्या तारखा बघत."

पण ती काम छान करत होती. हे मी आई म्हणून म्हणत नाही. बरं, आई म्हणूनच म्हणते, पण खरं आहे. भिंतीतलं झाड ती एकदम उपटू देत नसे. मुळं दगडांच्या सांध्यांत शिरलेली असतात, झाड ओढलं की भिंतही येते. दर वर्षी थोडं छाटायचं, मूळ सुकून आत आकसलं की तेवढ्या पोकळीत चुना भरायचा, आणि पुन्हा वर्षभर थांबायचं. तळ्याच्या बांधावरचं गवत बी झडेपर्यंत कापायचं नाही, कारण त्या मुळांनीच बांधाची माती धरून ठेवली आहे. फिरायला येणारे लोक तक्रार करायचे, बाग किती गबाळी ठेवली आहे म्हणून. ती म्हणायची, "आई, लोकांना बाग विंचरलेली हवी असते. बागेला मात्र केस मोकळे सोडायला आवडतात."

सुरुवातीच्या बऱ्या दिवसांत मी तिच्याकडे राहायला गेले होते. तेव्हा मला सुतार भेटला.

बागेतलं सगळं लाकूडकाम त्याच्याकडे. वय माझ्याएवढं असेल. अंगानं काटकुळा, पण बोलणं असं की तीन माणसं एका वेळी बोलत आहेत असं वाटावं. जुन्या दगडाला खिळा मारायचा नाही हा मुंगीचा पहिला नियम. मग दारं, चौकटी, जाळ्या बसवायच्या कशा? तर लाकडाची चौकट मापात करायची आणि पाचरी ठोकून दगडात घट्ट धरायची, उद्या काढली तर दगडावर ओरखडा नको. यात त्याचा हात कुणी धरला नसता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

"काकू, माझ्या हातचं दार एकदा लागलं की वारासुद्धा बाहेर उभा राहून विचारतो, येऊ का म्हणून."

"आणि तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, मॅडमना विचार." मग मुंगीकडे बघून, "ताई, काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना बसायला काही आहे का तुमच्या खोलीत? का त्यांनाही गवतात मोकळं सोडलंय?"

साहेब असले की तो तिला मॅडम म्हणायचा, एरवी ताई. दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक बुटकं स्टूल आणून दिलं. उरलेल्या लाकडाचं, पण एकही पाय डुगडुगत नव्हता. मी आभार मानले तर म्हणाला, "बसून बघा आधी. माझ्या स्टुलावर बसलेलं माणूस उठत नाही, हीच एक तक्रार येते."

त्याच मुक्कामात मुंगीनं मला जलघराखालचं तळघर दाखवलं. आत जाताना तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि टॉर्चवर लाल कागद लावला. छतावर रंगवलेलं आकाश होतं. निळ्या रंगावर पांढरे पक्षी, प्रत्येकाची मान वेगळ्या बाजूला वळलेली. कुणी काढले ते कुणाला ठाऊक नाही. आणि त्या पक्ष्यांच्या मधोमध, उलटी लटकलेली, वटवाघळं. खूप. एकमेकांना चिकटून, पुरचुंड्या टांगून ठेवाव्यात तशी. त्यांच्या मुतानं आकाश जागोजागी तपकिरी पडलं होतं.

"त्या कोपऱ्यातला पक्षी मी आले तेव्हा पूर्ण होता," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आता चोच तेवढी राहिली."

"मग यांना हाकलत का नाहीत?"

"यांनाही दुसरं घर नाही ना, आई."

कौलाची गोष्ट मला तेव्हा आठवली. 

तिनं वाट काढली होती. तबेल्याचा माळा रिकामा होता, तिथे अंधार आणि ऊब होती. तिथे वटवाघळांसाठी नवं घर करायचं. सुताराला खडबडीत फळ्या ठोकायला सांगितल्या, नखं रोवायला. तो वैतागला होता. जन्मभर लाकूड गुळगुळीत केलं आणि आता म्हातारपणी फळीवर मुद्दाम ओरखडे काढायला लावता, असं म्हणत त्यानं ते काम सगळ्यांत मन लावून केलं. मग तळघराच्या झरोक्यावर बाहेरून जाळी लावायची. वरून आणि दोन्ही बाजूंनी बंद, खालची बाजू मोकळी. वटवाघूळ आतून बाहेर निघताना जाळीवरून खाली सरकतं आणि मोकळ्या कडेतून सुटतं. परत येताना ते सरळ झरोक्याकडे झेपावतं, जाळीवर आपटतं, खालची फट त्याला सापडत नाही. दोन-चार रात्री फडफडतं आणि मग नवं घर शोधतं. कुणाला इजा नाही, छतही वाचतं.

एकच अट. आत न उडणारी पिल्लं असताना जाळी लावायची नाही. आया बाहेर पडतील, पिल्लं आत राहतील. हे मला तिनंच समजावलं होतं, लाल उजेडात, कुजबुजत.

त्यानंतर बरेच महिने गेले आणि एका दुपारी ती न कळवता घरी आली. हातात पिशवीही नव्हती. मी मटार सोलत होते. ती समोर बसली आणि सोलायला लागली. तिचे बाबा म्हणाले, "काय मुंगीताई, आज वारूळ सोडून?" ती हसली नाही. ते पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

मग तिनं सांगितलं. साहेबांचे पाहुणे छत बघायला येणार होते, म्हणून जाळी लावली. पाहुणे आले, तळघराचं दार उघडलं आणि आतून वास आला. खाली फरशीवर मेलेली पिल्लं होती. अंगठ्याएवढी, केसही न आलेली. पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं, ही पानं आहेत का.

"असं कसं झालं गं?"

"जाळी खालून बंद राहिली," ती शेंगेकडे बघत म्हणाली. "सुताराकडून. साहेब म्हणाले, याचं सगळंच काम घट्ट. वारासुद्धा विचारून येतो म्हणत असतो ना. सगळे हसले. त्याला कामावरून कमी केलं."

मला त्या माणसाचं वाईट वाटलं. त्या लहान जीवांचंही. आणि मी सहज, खरोखर सहज, जसं कुणी गोष्ट सांगताना मधे विचारतं तसं विचारलं, "मग मोठी वटवाघळं पण मेली असतील की आत?"

तिचे हात थांबले.

"नाही," ती म्हणाली.

"मग ती कशी बाहेर पडली, जाळी खालून बंद असेल तर?"

एवढ्या साध्या प्रश्नावर तिचे कान लाल झाले. लहानपणी व्हायचे तसे, वरच्या कडेपासून खाली. मला ते बघून आधी बरं वाटलं, की ही अजून तीच आहे, आणि मग मी हातातली शेंग खाली ठेवली. कारण कानांनी सगळं सांगितलं होतं.

जाळी खालून मोकळीच होती, तिनं कबूल केलं. सुतारानं तिच्या सांगण्याबरहुकूम लावली होती. पिल्लं आत आहेत का ते बघण्याची खरी वेळ अंधार पडल्यावर, आया चरायला गेल्या की. तेव्हा छताला फक्त पिल्लं उरतात. दिवसा बघून उपयोग नाही, आया त्यांना पंखाखाली झाकून असतात. तिनं दिवसा बघितलं. दारातून. मागच्या सगळ्या वर्षांत या सुमारास पिल्लं उडालेली असत, म्हणून यंदाही उडाली असणार असं तिनं धरलं. यंदा थंडी लांबली होती आणि सगळंच उशिरा चाललं होतं. झाडांना पालवी उशिरा आली हे तिनं स्वतः टिपलं होतं. झाडांच्या वकिलानं बघितलेली गोष्ट पाखरांच्या वकिलाला सांगितलीच नाही.

"आणि जाळी लावल्यावर?" मी विचारलं. "त्या आया?"

"आल्या. पहारेकरी सांगत आला. म्हणाला, बाई, ती जाळीला लटकून आहेत, जात नाहीत, ओरडतात." तिनं पुढची शेंग उचलली. "मी त्याला म्हटलं, पहिले काही दिवस असं करतातच. सवयीच्या घरासाठी फडफडतात, मग जातील. पुस्तकात तसंच असतं, आई. खरंच तसं असतं. मला वाटलं, घरासाठी ओरडताहेत."

मटाराचे दाणे पातेल्यात होते आणि टरफलं ताटात होती, तरी ती दाणे ताटात टाकत होती. मी तिला थांबवलं नाही.

"साहेबांनी विचारलं तेव्हा काय म्हणालीस?"

"काहीच नाही. त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि सुतार?"

"तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, मॅडमना विचारा. मॅडमना माहीत आहे, खालून मोकळी होती." तिनं पातेलं बाजूला सारलं. "मी तळघराचं दार लावत होते. ते लावतच राहिले."

मी तिला म्हटलं, जा आणि सांग. आजच्या आज. ती म्हणाली, सांगते. मग म्हणाली, "पण मला काढलं तर या जागी कोण येईल? येईल तो आधी बांधावरचं गवत कापेल. भिंतीतली झाडं ओढून काढेल. साहेबांना तसाच माणूस हवा आहे. एका सुतारासाठी सगळी बाग..." पुढचे शब्द तिनं स्वतःच गिळले. तेवढी लाज तिला होती.

तिचे बाबा नंतर म्हणाले, "वटवाघळं मेली म्हणून कुणी फासावर जात नाही. पोरीला उगाच छळू नकोस."

"मी वटवाघळांबद्दल बोलतच नाही आहे."

"मग?"

"सुताराबद्दल."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांनी मटार खाल्ला नाही त्या दिवशी.

ती परत गेली. रोज फोनवर मी "जेवलीस का" विचारायची आणि माझ्या त्या विचारण्यात दुसरा प्रश्न असायचा. तिलाही तो ऐकू यायचा. "उद्या सांगते," ती कधीकधी आपणहून म्हणायची. मग तेही म्हणेनाशी झाली. मला राहवेना. मी बस धरली आणि बागेत गेले.

फाटकासमोर चहाची टपरी आहे. उतरले तर बाकावर सुतार बसलेला. त्याचं काम आत नाही, तरी तो तिथे येऊन बसतो, सवयीच्या घराशी. मला पळून जावंसं वाटलं. एवढ्या मोठ्या बाईला, केस पांढरे झालेल्या, झाडामागे लपावंसं वाटलं.

"या काकू," त्यानंच हाक मारली. "बसा. हा बाक माझा नाही, डुगडुगतो, जपून." त्यानं टपरीवाल्याला बोट दाखवून चहा सांगितला. "गुडघे?"

"बरे आहेत."

"स्टूल?"

"चांगलं आहे."

"असणारच." मग त्यानं बाकाचा डुगडुगता पाय हातानं दाबून धरला. "तुमच्या मुलीनं माझं फार कौतुक केलं बघा. साहेबांसमोर ठरलं, की माझं काम नको तितकं चोख आहे. जन्मभर मी स्वतःच स्वतःचं सांगत आलो, दुसऱ्या कुणी मान्य केलं नव्हतं. केलं ते असं."

मी चहाकडे बघत होते.

"काम काय, कुठंही मिळेल. माझा भाचा म्हणतो, इमारतींवर चल, तिथं खिळे मारायला परवानगी आहे." तो हसला, पण अर्धंच. "पण लोक विचारतात हो. तू पिल्लं कोंडून मारलीस का, विचारतात. नात विचारते. तिला काय सांगू? मी म्हटलं, नाही गं, खालची बाजू मोकळी होती. ती म्हणते, मग आजोबा, मेली कशी? मला ते माहीत नाही, काकू. मला खरंच कळत नाही मेली कशी. ताईंना माहीत असणार. त्यांनी मला एकदा नीट सांगितलं असतं, म्हणजे मी नातीला सांगितलं असतं."

मला माहीत होतं. त्या बाकावर, त्याच्या शेजारी, त्यानं सांगितलेला चहा हातात धरून, मला ते माहीत होतं आणि मी म्हणाले, "चहा छान आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो, आलं घालतो तो." आणि उठून गेला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्यासारखीच माझी लेक, दुसरं काय.

आत मुंगी तबेल्याच्या माळ्याखाली उभी होती, मान वर करून. तिथे थोडी वटवाघळं राहायला आली होती. आपण केलेलं काहीतरी बरोबर ठरलं, हे बघायला ती रोज तिथे येत असावी. मला बघून दचकली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. खोलीत गेले तर डब्यात सकाळचा भात तसाच होता आणि माझं स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. स्टुलाला तोंड नसतं, पण मला तसंच वाटलं.

"बाहेर कोण बसलंय माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"मागच्या फाटकानं ये-जा करते मी हल्ली," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही जलघराजवळ बसलो. जाळी आता काढली होती, झरोका उघडा होता. अंधारून आलं तसं एक वटवाघूळ आलं, आत गेलं, लगेच बाहेर आलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मुंगी उठली आणि खोलीत निघून गेली. मी तिच्या मागे गेले, पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "आई, प्लीज." मी हात काढून घेतला आणि सकाळच्या बसनं परत आले.

मी शेजारणींना सांगत असे, माझी मुलगी जुन्या गोष्टी जपते. झाडं जपते, दगड जपते, पाखरं जपते. बोलताना माझी मान वर असायची. हल्ली कुणी विचारलं तर मी म्हणते, कामात असते, आणि भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागते.

आज तिनं फोनवर त्या "हो"च्या आधी एक गोष्ट सांगितली होती. ती मी इतका वेळ लिहायचं टाळत होते, गाठ बहुतेक हीच. उद्या दुपारी साहेब नवा सुतार घेऊन बागेत येणार आहेत. काम त्याला मुंगीनं समजावून द्यायचं आहे. चौकट कशी, पाचर कशी, दगडाला खिळा का मारायचा नाही. जे तिनं जुन्या सुताराबरोबर उभं राहून, त्याच्याशी भांडत भांडत ठरवलं, ते ती उद्या नव्या माणसाला शिकवणार. आणि नवा विचारेलच, आधीच्याचं काय चुकलं? कुणीही विचारेल. त्याला उत्तर द्यावं लागेल. आतापर्यंत ती नुसती गप्प आहे. उद्या तिला तोंडानं बोलावं लागणार आहे, की जाळी खालून बंद होती. एकदा बोलली की मग तेच खरं. तिच्यासाठीसुद्धा.

मघाशी माझ्या डोक्यात आलं, साहेबांचा नंबर मिळवावा आणि आपणच सांगून टाकावं. मग वाटलं, सुताराला फोन करावा, त्याचा नंबर त्यानं स्टुलाच्या खाली खडूनं लिहून दिला होता, "पाय निखळला तर" म्हणून, आणि मी तो उतरवून घेतला होता. पाय कधी निखळला नाही. पण त्याला हे माझ्याकडून कळणं म्हणजे तिच्या पायाखालची वाट मी काढून घेणं. तिला अजून एक वाट मोकळी आहे, खालच्या बाजूनं. वाकून, सरकत, अंगाला खरचटत जावं लागेल, पण आहे. फक्त उद्या दुपारपर्यंत.

मी तिलाच फोन करणार आहे. आत्ता. ती जागी असणार, मला माहीत आहे. तिचे बाबा जागे झाले आहेत, आतून विचारताहेत, "या वेळी कुणाला?"

"मुंगीला."

"काही झालंय का?"

"नाही. होऊ नये म्हणून."

ते दारात आले. मग म्हणाले, "तिला म्हणावं, सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही दोघं येतोय. साहेब बसतील त्या खोलीबाहेर बसू. बाक असेल ना तिथं?"

"नसला तर स्टूल आहे," मी म्हटलं.

आज तिला जेवलीस का, असं विचारणार नाही. जे विचारायचं ते सरळ विचारणार आहे, आणि ती उत्तर देईपर्यंत फोन ठेवणार नाही.